अक्का, गोवर आणि आपलं राहिलेलं भांडण

अक्का,

माणसं भेटायला येतात, ओसरीवर टेकतात, घोटभर पाणी पितात आणि मला म्हणतात, "सुटली बिचारी." परवा तुझं तेरावं झालं, तरी अजून कुणी ना कुणी येतंच. मी मान हलवते. दारी आलेल्या माणसाशी कुठं वाद घालायचा? पण ती गेली की आत जाऊन भांडी आदळते. कशातून सुटलीस तू? गेल्या दिवाळीत चकलीची भाजणी मी जास्त भाजली म्हणून तू माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस. सुटायची घाई झालेलं माणूस भाजणीवरून रुसतं का?

हे मी कागदावर लिहितेय. कागदावरचं तुझ्या काही उपयोगाचं नाही हे मला कळतं. पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे बोटानं लिहायचं, एवढंच माझ्या हाताला ठाऊक आहे. आता तुझा तळहात नाही, म्हणून वही घेतली.

तू आजारी पडलीस तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला तू अशीच मिळालीस. माझ्या लेखी अक्का म्हणजे जिला तोंडानं सांगून चालत नाही, हात धरावा लागतो ती. शेजारच्या मुलींच्या बहिणींना हाका मारता येतात हे बघून मला लहानपणी नवल वाटायचं. तुझं आधीचं सगळं मला आप्पांकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं, बागेला पाणी देताना नाहीतर बैलगाडीत शेजारी बसल्यावर. आई त्याबद्दल कधीच बोलली नाही.

तू सात वर्षांची होतीस. पहिली पास होऊन दुसरीत गेली होतीस. आप्पा सांगायचे, शाळेतून येताना रस्त्यानं मोठ्यानं बाराखडी म्हणत यायचीस, म्हणून वस्तीवर सगळ्यांना कळायचं की शाळा सुटली. मग गोवर निघाला. त्या वेळी गावात त्याची लस नव्हती. बाई आली, म्हणजे देवी आली म्हणायचे, दार लावून घ्यायचे, उशाला कडुलिंबाचा पाला ठेवायचे, घरात फोडणी द्यायची नाही, लेकराला बाहेर काढायचं नाही. आईनं ते सगळं केलं. आजूबाजूच्या चार घरांत तेच चाललं होतं, आणि तिथली लेकरं उठून खेळायला लागली होती. तू उठली नाहीस. पुरळ गेलं तरी ताप राहिला. मग झटके आले. आप्पांनी बैलगाडी जुंपून श्रीगोंद्याला नेलं, तिथून नगरला. तू वाचलीस. पण परत आलीस तेव्हा तुझ्या दोन्ही बुबुळांवर फूल पडलं होतं आणि कानापाशी थाळी वाजवली तरी तू मान वळवत नव्हतीस.

असं का झालं हे मला फार उशिरा समजलं. मी आशा सेविकेचं काम घेतलं त्यानंतर एकदा तुला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, आठवतं? तुला वाटलं होतं नंबराचा चष्मा करायला आलोय, आणि तू सगळ्या वेटिंग रूममध्ये हसली होतीस. डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं. गोवर म्हणजे नुसतं अंगावरचं पुरळ नव्हे. लेकराच्या अंगातलं डोळ्याला लागणारं पोषण तो ओढून घेतो. मुळात पोट अर्धं असेल तर बुबुळ कोरडं पडतं, त्याला जखम होते आणि ती पांढरी होऊन भरते. आणि ताप मेंदूपर्यंत चढला की सूज येते. त्या सुजेत कानाकडं जाणारी शीर गेली की गेली. दोन्ही एकाच लेकराच्या वाट्याला येणं कमी, पण येतं. "आता काही होण्यासारखं नाही," ते म्हणाले. मी तुझ्या हातावर लिहिलं, काही होणार नाही म्हणतात. तू म्हणालीस, "मग भजी खाऊ आन् घरी जाऊ."

त्या आजारानंतरचे काही महिने आप्पा सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. तू ओरडायचीस. कुणी अंगाला हात लावला की चावायचीस. दार कुठं, चूल कुठं, दिवस आहे की रात्र, काही कळायला मार्ग नव्हता. आईच्या पाठीला पाठ लावली तरच झोपायचीस. एक दिवस आई आप्पांना म्हणाली, "पोरगी माझ्या पाठीवर बोटानं कायतरी गिरवती. रोज त्येच गिरवती." आईला अक्षरओळख नव्हती. आप्पा चौथी शिकलेले. त्यांनी सदरा काढला आणि तुझ्याकडे पाठ करून बसले. तू गिरवलंस, शाळा.

आप्पांनी तुझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर लिहिलं, उद्या.

तू मोठ्यानं वाचलंस, "उद्या!" घरात कितीतरी महिन्यांनी शहाण्यासारखा एक शब्द निघाला होता. आई रडायला लागली, आप्पा अंगणात निघून गेले. ती शाळा काही आली नाही. दुसऱ्या वर्गाच्या गुरुजींनी हात जोडले आणि लांबच्या शहरातल्या अशा मुलांच्या शाळेत तुला एकटीला ठेवायची आईची छाती झाली नाही. आप्पा होते तोवर तू त्यांना त्यावरून बोलायचीस, "माझ्या हातावर पयला शब्द ल्हिला त्यो बी खोटाच." आप्पा हसायचे. तू गेल्यावर आता मला वाटतं, त्यांना ते लागत असणार.

पण त्या एका खोट्या शब्दानं वाट मोकळी झाली. तुला बोलता येत होतं. तू तोंडानं बोलायचीस, आम्ही हातावर लिहायचो. तुझा स्वतःचा आवाज तुला ऐकू येत नव्हता, म्हणून तो एका सुरात, जरा मोठा निघायचा. पाहुण्यांना दचकायला व्हायचं, आम्हाला त्याचं काही नव्हतं. आई तिशीत अक्षरं शिकली ती तुझ्यासाठी. आप्पांनी तिला आधी तुझ्या हातावरच गिरवायला लावलं. मरेपर्यंत तिला एसटीची पाटी वाचता आली नाही, पण तुझ्या तळव्यावर ती भराभरा लिहायची. माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा आप्पांनी सांगितलं, हिला गावातच द्यायची, शालनला बोलायला माणूस पाहिजे. मी तेव्हा चिडले होते. मला श्रीगोंद्याच्या पलीकडे कुठंतरी जायचं होतं. आज त्या चिडण्याचं मला हसू येतं.

आई-आप्पा गेले आणि तू माझ्याकडे आलीस. ह्यांना तू 'पावनं' म्हणायचीस. ते तुझ्या हातावर लिहायला शिकले, पण त्यांचं लिहिणं म्हणजे, "पावनं, तुमचं अक्षर लई वंगाळ. कोंबडी नाचल्यावानी वाटतंय." ते बिचारे पुन्हा लिहायचे. बागेतली लिंबं आली की तू पोत्यावर बसायचीस, मोठी एका पाटीत, बारीक दुसऱ्या पाटीत, आणि डागी लिंबू हाताला लागलं की ते माझ्या दिशेनं फेकायचीस. बहुतेक वेळा नेम बसायचा.

आणि तुला बातम्या लागायच्या. मी गावातून फिरून आले की चहाच्या आधी हात पुढं. कुणाकडं पाळणा हलला, कुणाची सून माहेरी गेली, ग्रामसभेत कोण कुणाला काय बोललं. मी दमलेली असायचे, आखडून सांगायचे. भांडण झालं, असं दोन शब्दांत लिहायचे. तू म्हणायचीस, "भांडान झालं मंजी? आदी कोन बोललं? तिनं हात कुठं ठिवला हुता, कमरंवर का?" आणि 'नंतर सांगते' हे लिहिलेलं तुला अजिबात खपायचं नाही. "तुमाला समद्यांना तिथल्या तिथं कळतंय. मला कायम नंतर." चार माणसं बसली आहेत, हसताहेत, आणि तू माझ्या गुडघ्यावर थापटी मारतेयस, काय झालं, काय झालं. किती वेळा मी ते विनोद तुला दुपारी शिळे करून वाढले असतील.

आता आपल्या भांडणाकडं येते. ते मिटलेलं नाही.

आपल्या मळ्याच्या पलीकडं जनाबाईचं घर. तिची सून कोमल, कोमलची मुलगी परी. परीला नऊ महिने झाले तेव्हा गोवराची सुई द्यायची होती. जनाबाईनं साफ सांगितलं, न्हाई. शेजारच्या पोराला सुई टोचल्यावर ताप आला होता, तो तिनं बघितला होता. मी समजावलं, सिस्टर येऊन गेल्या, डॉक्टर येऊन गेले. जनाबाई आम्हाला चहा द्यायची आणि न्हाईच म्हणायची. कोमल दाराआड उभी. तिला द्यायची होती, पण सासूपुढं तिचं चालत नव्हतं.

मग एका दुपारी तू लिंबं निवडत होतीस तेव्हा मी तुझा हात धरून लिहिलं, जनाबाईकडं चल माझ्याबरोबर.

"कशाला?"

नुसती बस. त्यांना कळेल.

"काय कळंल?"

मी लिहिलं, सुई दिली नाही तर काय होतं ते.

तू हातातलं लिंबू खाली ठेवलंस. "सुमे, घोडेगावच्या बाजारात म्हशीचं तोंड उघडून दात दावत्यात, तसं मला दावनार व्हय तू?"

मी लिहायला लागले, तसं नाही अक्का. तू मला लिहू दिलं नाहीस. "मला बगून ती बाई काय म्हनंल? म्हनंल, बया, आपल्या लेकराचं असं होऊ ने. मंजी माझ्यावानी होऊ ने. मी बसू तिथं गप, आन् तिनं मला बगून भ्यावं?" आणि मग आवाज आणखी चढला, "मी काय एवडी वंगाळ हाय का गं?"

आणि हात मागं घेतलास. तू हात मागं घेतलास की बोलणं संपलं. मला भांडायची सोयच राहायची नाही. मी तुझ्यासमोर बसून राहिले, माझ्याकडं शंभर उत्तरं होती आणि ठेवायला जागा नव्हती.

आजही माझी उत्तरं तीच आहेत. मी गावात फिरते ती त्यासाठीच. कुठल्याच लेकराचं तुझ्यासारखं होऊ नये असं मला वाटतं, आणि हे म्हणताना मला तू कमी वाटत नाहीस. या दोन्ही गोष्टी माझ्या पोटात एकत्र नांदतात. तुला ते पटवता मात्र आलं नाही.

पुढं वर्षभरानं ऊसतोडीच्या टोळ्या आल्या त्या हंगामात गोवर आला. आधी पालांवर, मग वस्त्यांवर. परीच्या अंगावर पुरळ आलंय असं कळलं म्हणून मी गेले, तर जनाबाईच्या घराचं दार बंद. आतून वास कडुलिंबाचा. कोमलनं फटीतून सांगितलं, ताप उतरत नाही, डोळे उघडत नाही, सासूबाई बाहेर काढू देत नाहीत. मी दारातूनच पुष्कळ बोलले, ओरडलेसुद्धा. जनाबाई आतून म्हणाली, "देवीचं हाय बाई, कोप करू नको." मी गाडी बघायला घराकडं पळत आले.

तू ओसरीवर होतीस. माझ्या हाताला घाम होता, तो तुला आधी कळला. "काय झालं?" मी आखडून लिहिलं नाही. पुरळ, ताप, डोळे, पाला, दार, सगळं लिहिलं. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "माझी चप्पल दे."

मी लिहिलं, तू येणार?

"चप्पल दे म्हनलं ना."

बांधानं जाताना तू माझा दंड इतका आवळून धरला होतास की दुसऱ्या दिवशी वळ होता. जनाबाईच्या दारात पोचलो. तू नाक वर केलंस, पाल्याचा वास घेतलास आणि तुझ्या त्या एकसुरी आवाजात हाक मारलीस, "जना! शालन आलीय. दार उघड." तुझ्यासाठी तिनं ते उघडलं. आंधळ्या माणसाला उन्हात कसं उभं करायचं, असं तिला वाटलं असेल.

आत गेल्यावर तू चाचपत परीपाशी बसलीस, कपाळाला हात लावलास. मग कोमलला म्हणालीस, "हिला जरा दाराकडं धर. उजेडाला डोळं गच्च मिटती का? रडती का?"

कोमल म्हणाली, "व्हय, लई रडती." मी लिहिलं.

"मंजी आजून दिसतंय तिला. जना, हिकडं बस. तुझा हात दे."

जनाबाईचा हात तू मांडीवर धरलास आणि बोलायला लागलीस. अक्का, इतकी वर्षं मी तुझ्याजवळ राहिले, हे मला कधी सांगितलं नव्हतंस. मी विचारलंही नव्हतं.

"डोळ्यात वाळू गेल्यावानी व्हायचं," तू म्हणालीस. "आई जवळ बसायची, तिच्या लुगड्याचा हिरवा काठ मला दिसायचा. मग त्यो पांढरा झाला. मला वाटलं धुकं पडलंय, ऊन वर आलं की उठंल. मी वाट बगायची. मग एक दिवस कोंबडा आरवंना. मला वाटलं आपला कोंबडा मेला. मी आईला इचारलं, आये, कोंबडा कुनी कापला गं? ती कायतरी बोलत हुती. तिचा श्वास माझ्या गालाला लागत हुता, पर आवाजच न्हवता. मला वाटलं आई माझ्याव रुसली, उगं तोंड हालिवती."

कोमलनं परीला दाराकडून आत वळवलं. 

जनाबाई हळूच म्हणाली, "पर देवीचं हाय. बाहेर काडलं आन् कोपली तर?" मी ते तुझ्या दुसऱ्या हातावर लिहिलं.

"देवीचं हाय तर हाय," तू म्हणालीस. "वटी भर, नारळ फोड, मी बी येते संगं. पर लेकराला आदी दवाखान्यात ने. देवी काय दवाखान्याला भेती व्हय?" मग थांबून म्हणालीस, "माझ्या आईनं बी दार मायेनंच लावलं हुतं जना. तिला सांगाया कुनी न्हवतं. तुला सांगाया मी आलेय."

जनाबाई उठली. तिनं स्वतः परीला उचलून घेतलं आणि पदराखाली झाकलं. दूध गोळा करणाऱ्या पिकअपमध्ये आम्ही सगळ्या बसलो, तूही. श्रीगोंद्याला डॉक्टरांनी लगेच अ जीवनसत्त्वाचा डोस दिला, डोळ्यात मलम घातलं आणि नगरला पाठवलं. परीचे डोळे राहिले. एका कानानं तिला थोडं कमी येतं, वर्गात पुढच्या बाकावर बसवतात. पहिलीत आहे आता, आणि आगाऊ आहे.

घरी आल्यावर मी तुझ्या हातावर लिहिलं, बघ, आलीस ना शेवटी? मीच बरोबर होते.

"मी दावाया न्हाई गेले," तू म्हणालीस. "मी बोलाया गेले. तुला त्येतला फरक कळत न्हाई."

त्यानंतर आरोग्य केंद्रातल्या मॅडमना ही हकीकत कळली आणि त्या म्हणाल्या, शालनताईंचा मोबाईलवर व्हिडिओ करू, सगळ्या गावांत दाखवू. मी आनंदानं घरी आले. तू म्हणालीस, "मोबाईलमदी मी कुनासंगं बोलू? मला त्या बाईचा हात कुठं घावनार?" मी किती समजावलं. एका घरी गेलीस तर एक लेकरू वाचलं, सगळीकडं दाखवलं तर किती वाचतील. तू म्हणालीस, जिला ऐकायचंय तिला हिकडं आन, न्हाईतर मला तिच्याकडं ने. आणि खरंच गेलीस, जिथं जिथं मी नेलं तिथं, जनाबाईसारखा हात मांडीवर घेऊन. पण व्हिडिओ करू दिला नाहीस. यावरून आपण दर दोन महिन्यांनी भांडायचो. गेल्या मार्गशीर्षात भांडलो ते शेवटचं. मला अजून वाटतं तू तो करू द्यायला हवा होतास, अक्का. आज माझ्याकडं तुझा आवाज तरी राहिला असता. हे तुला तेव्हा म्हणाले असते तर कदाचित ऐकलं असतंस. मी लेकरांचंच कारण सांगत बसले.

न्यूमोनिया झाला आणि तुला नगरला दाखल केलं. दोन्ही हातांना सुया लावायच्या होत्या. मी सिस्टरांना म्हणाले, "ताई, एक हात मोकळा ठेवा. हिचे कान हातात आहेत." त्यांना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांनी काहीतरी खटपट करून सलाईन एकाच हाताला लावलं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्या तुझ्या मोकळ्या हातावर 'सुई' असं लिहून मग टोचत होत्या. तू मास्कच्या आतून म्हणालीस, "ही कोन? हिचं अक्षर चांगलं हाय."

मग दम इतका लागला की बोलणंच बंद झालं. मी तुझ्या हातावर लिहायची, तू नुसती माझी बोटं दाबायचीस. एका दुपारी तू माझा हात उलटा केलास. मला कळेना काय करतेयस. तू माझ्या तळहातावर बोट टेकवलंस. आयुष्यभर मी तुझ्या हातावर लिहीत आले, तुला कधी माझ्या हातावर लिहायची गरज पडली नव्हती. मोठमोठी, दुसरीतल्या मुलीची अक्षरं होती. घर कधी.

आप्पांनी लिहिलं असतं तो शब्द माझ्या बोटाच्या टोकावर आला होता. मी तो लिहिला नाही. मी लिहिलं, माहीत नाही.

तू बराच वेळ माझा हात तसाच धरून ठेवलास. मग अंगठ्यानं थोपटलंस. मग लिहिलंस, जेव.

तेवढंच. संध्याकाळी तू गेलीस.

काही गोष्टी मला आता कधीच कळणार नाहीत. आई शेवटच्या आजारात एकदा तुझ्या हातावर कितीतरी वेळ लिहीत होती. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "आमच्या दोगींतलं हाय त्ये." मी पुन्हा विचारलं नाही. आईनं तुझी माफी मागितली असेल, की तुला कुणाकडं काय उसनं दिलंय ते सांगितलं असेल, की नुसतं माझ्यावर लक्ष ठेव म्हणाली असेल, कुणास ठाऊक. तुझ्यात आणि आईत जे होतं ते तुम्ही बरोबर नेलंत. आणि तू सुखी होतीस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू 'च्या टाक' म्हणाली असतीस, एवढं मात्र मला माहीत आहे.

काल मी पुन्हा कामाला लागले. गावाच्या खालच्या अंगाला एक नवं कुटुंब राहायला आलंय, पोल्ट्रीवर कामाला आहेत. बाई तरुण आहे, मुलगी दहा महिन्यांची, एकही सुई झालेली नाही. ती म्हणाली, "आमच्यात देत न्हाईत. गोवर काय, येतो आन् जातो." ती तुला ओळखत नव्हती. तुझा हात तिच्या हातात द्यायला तू नव्हतीस. मी तिच्यासमोर उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "माझ्या थोरल्या बहिणीला आला होता. सात वर्षांची होती."

तिनं मुलीला जवळ ओढलं आणि विचारलं, "मग? वाचली का ती?"

अक्का, पूर्वी मी चटकन उत्तर दिलं असतं आणि ते उत्तर तुला आवडलं नसतं. काल मला थांबावं लागलं. काय सांगायचं ते आधी ठरवायचं होतं.

मी म्हणाले, "वाचली. साठीला टेकली होती, आत्ताच गेली. लिंबू बागेत माझ्या बरोबरीनं राबायची. जिभेची तिखट होती. माझ्याशी फार भांडायची आणि या गावातली कितीतरी लेकरं तिनं दवाखान्यात पोचवली." ती ऐकत होती. "तिला सातव्या वर्षापासून दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. गोवरानं. तिच्या वेळी सुई नव्हती बाई. तुझ्या लेकीच्या वेळी आहे."

ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत बसली. मी आग्रह केला नाही, उठले, चप्पल घातली.

आज सकाळी अंगणवाडीत ती सगळ्यात आधी येऊन बसली होती. मुलीला स्वच्छ अंघोळ घातलेली, काजळ लावलेलं, नवा फ्रॉक. मला बघून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, कंच्या दंडात देत्यात?"

मी म्हणाले, "उजव्या."

तिनं फ्रॉकची बाही वर सारली आणि मुलीचा दंड आपल्या हातात घट्ट धरला.